हलूनका मावशीचा बिघडलेला फोटो

फोटो काढताना माणूस श्वास घेतो, ही गोष्ट हलूनका मावशीला मुळातच मान्य नव्हती. "श्वास नंतर घ्या, अख्खं आयुष्य पडलंय," असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर सुनवायची. त्याला खुर्चीत बसवायची, हनुवटी दोन बोटांनी धरून हवी तशी वळवायची आणि कॅमेऱ्यामागे जाऊन ओरडायची, "हलू नका!" आवाज असा खणखणीत की बाहेरून जाणारा सायकलवालाही दचकून ब्रेक दाबायचा. गल्लीतल्या पोरांनी तिचं नाव हलूनका मावशी पाडलं आणि बघता बघता ते मोठ्यांच्याही तोंडी बसलं. तिला ते मुळीच आवडायचं नाही, पण लोकांची तोंडं कोण धरणार?

तिचा स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, त्यावर तिच्याकडे तोंड करून ठेवलेला कॉम्प्युटर, मागे पडदा आणि दोन दिवे. डावी भिंत मात्र खालपासून वरपर्यंत चेहऱ्यांनी भरलेली. बोळक्या तोंडाचे म्हातारे, तान्ही बाळं, नवी नवरा-नवरी, एक चिडलेला पोस्टमन. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा इतका एकेक फोटो स्वच्छ. धुरकट फोटो द्यायचा त्यापेक्षा गिऱ्हाइकाला हात जोडून परत पाठवायचं, हा तिचा बाणा. स्टुडिओ चालवायला लागल्यापासून एकही अस्पष्ट फोटो तिच्या दारातून बाहेर गेला नव्हता, आणि हे ती न विचारता सांगायची.

त्या भिंतीवरून मात्र तिच्याशी बोलताना जपून बोलावं लागायचं. स्टुडिओ मूळ तिच्या वडिलांचा. त्यांची नजर लवकर अधू झाली, तेव्हापासून फोटो तीच काढायची आणि बाबा खुर्चीत बसून नुसते "वा!" म्हणायचे. पण दुकानावर पाटी बाबांची, गल्लीत नाव बाबांचं. बाबा गेल्यावरही लोक यायचे, भिंतीसमोर उभे राहायचे आणि उसासा टाकून म्हणायचे, "बाबांचा हात काही औरच होता!" तिनं स्वतः, घसा फोडून, घाम गाळून काढलेल्या फोटोंसमोर! तिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एकदा शेजारचे टेलरकाका चहा पिता पिता असंच बोलून गेले. हे काका तिला फ्रॉक शिवत होते तेव्हापासूनचे शेजारी. सहज म्हणाले, "हा सगळा बापाचा हात हो. हिला कुठलं जमायला!" मावशीनं त्यांच्या हातातला कप काढून घेतला. अर्धा चहा होता त्यात. पुढे वर्षभर ती त्यांच्याशी बोलली नाही आणि ब्लाउज शिवायला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन तिनं एका मेल्या शिकाऊ टेलरकडून दोन ब्लाउजांचं वाटोळं करून घेतलं. शेवटी काकांनी तिच्या दारात उभं राहून कान धरले. "परत जन्मात नाही म्हणणार," म्हणाले. तेव्हा कुठे तिनं त्यांना पूर्ण कप चहा दिला.

तर अशी ही मावशी. आणि तिच्या डोक्यावर राहायची वरची.

वरची म्हणजे मावशीची भाडेकरू. स्टुडिओच्या वर पूर्वी डार्करूम होती. फिल्मचा जमाना गेला तशी ती रिकामी पडली. मावशीनं भाड्यानं द्यायची पाटी लावली तेव्हा जो तो येऊन नाक मुरडून गेला, कारण खोलीला खिडकीच नव्हती. ही आली, सगळ्या भिंतींवरून हात फिरवला आणि म्हणाली, "रस्त्यावरून आतलं काही दिसत नाही ना? मग मला चालेल." बरोबर एक पिशवी, दुसरं काही नाही. आठवडाभरात शहराबाहेरच्या मोठ्या लाँड्रीत कामाला लागली. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे ट्रकनं येतात. त्या गरम रोलरखालून इस्त्री करून काढायचं काम हिच्याकडे होतं. जायची, यायची, वर जाऊन दार लावून घ्यायची. तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात त्याच्या उलट हिची गत, तोंडातून शब्द निघायचा तर पंचाईत.

मावशीला असली गप्प माणसं सोसत नाहीत. एके दिवशी तिनं जिन्यातच हिला गाठलं. "चल, बस खुर्चीत. चेहरा चांगला आहे तुझा, भिंतीला शोभेल. फुकट काढते."

वरचीच्या तोंडावरचा रंगच उडाला. ती पायरीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं, एकदाच, खाली मान घालून. नवरा मारायचा. एकदा डावं मनगट मोडलं, ते वाकडंच जुळलं. ती पळाली, लांबच्या एका गावात कापडाच्या दुकानात लागली. दुकानाच्या वाढदिवसाला सगळ्यांचा फोटो निघाला, कुणीतरी तो फोनवर टाकला, आणि फिरत फिरत तो नवऱ्यापर्यंत पोचला.

"आठवड्यात दारात उभा, मावशी. हसत होता. रस्त्यावर माणसं होती म्हणून वाचले. जाताना कानाशी येऊन म्हणाला, पुढच्या वेळी मनगट नाही, मान."

"पोलीस?"

"गेले होते. त्यांनी त्यालाच बोलावून समजूत घातली आणि मला म्हणाले, जा घरी. म्हणून इथे नावही दुसरंच सांगितलंय."

मावशी तिच्या शेजारी पायरीवर बसली. म्हणाली, "माझ्या कॅमेऱ्यासमोर तू कधी येणार नाहीस. झालं? ऊठ आता, चहा घे."

शब्द दिला आणि तो तिच्या अंगाशी आला. काही महिन्यांतच लाँड्रीचे मालक स्वतः स्टुडिओत आले. नवी शाखा निघणार होती, वर्तमानपत्रात पान भरून जाहिरात द्यायची होती, आणि तोच फोटो मोठा करून सगळ्या गाड्यांवर चिकटवायचा होता. "आमचं कुटुंब! सगळे कामगार, झाडूवाल्यापासून माझ्यापर्यंत. आणि बाई, चेहरे कसे स्पष्ट हवेत. तुमची ख्याती ऐकून आलोय." मावशी फुशारली. काम घेतलं. मालकांची पाठ वळल्यावर तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला की त्या कामगारांत वरचीही आहे.

संध्याकाळी वरची जिन्यातच उभी होती. पिशवी भरलेली. "रजा मागितली, तर मालक म्हणाले, फोटोच्या दिवशी जो येणार नाही त्यानं कायमचीच रजा घ्यावी. मावशी, मी निघते. दुसरीकडे कुठे तरी बघते."

"पळून पळून किती पळशील गं?" मावशीनं तिच्या हातातली पिशवी हिसकावली. "मी कशाला आहे? मागच्या रांगेत उभी करते, एखाद्या धिप्पाड बाईच्या खांद्याआड. तुझा कानसुद्धा दिसणार नाही. फोटो मी काढणार आहे, कुणी ऐरागैरा नाही."

वरची थांबली ती तेवढ्या बोलण्यावर. त्या रात्री मावशीला मात्र नीट झोप लागली नाही.

फोटोच्या दिवशी मालकांनी गाडी पाठवली. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि गाडीत बर्फ पडेल इतका एसी. ड्रायव्हर मोठा शिष्टाचाराचा. "बाई, तुम्ही मागे आरामात बसा," म्हणून त्यानं कॅमेऱ्याची बॅग आपल्या शेजारच्या सीटवर ठेवली, थेट एसीच्या तोंडाशी. मावशी मागे बसून मनात रांगा लावत होती: कुणाला कुठे उभं करायचं, धिप्पाड बाई कुठे. बॅगेकडे तिचं लक्षच गेलं नाही. एरवी ती कुणाला बॅगेला हात लावू देत नसे.

लाँड्रीच्या इस्त्रीच्या हॉलचं दार उघडलं आणि वाफेचा लोट अंगावर आला. पहिल्या फटक्यात मावशीचा चष्मा पांढरा झाला. तिनं तो पदरानं पुसला, तो परत पांढरा. तेव्हा तिला बॅग आठवली. तिनं बॅगेची चेन उघडली. कॅमेरा हाताला मडक्यासारखा गार लागला, आणि तिच्या डोळ्यांदेखत लेन्सवर पाणी धरलं. आता यावर एकच उपाय, आणि तो तिला झोपेतही ठाऊक होता: बॅग बंद ठेवायची, हॉलची ऊब हळूहळू आत मुरू द्यायची आणि गप्प बसून राहायचं.

"किती वेळ?" मालक ओरडले. "मशीन बंद ठेवलीत तुमच्यासाठी. रोलर गार पडतायत. चादरी दवाखान्यात वेळेवर पोचायला हव्यात. चला, चला!"

मावशीनं रांगा लावल्या. धुकट चष्म्यातून, हातानं चाचपत. धिप्पाड बाई सापडली, तिच्यामागे वरचीला उभं केलं आणि खांदा दाबून हळूच म्हणाली, "इथेच. मान खाली." वरचीनं मान खाली घातली.

मालक रांगेवरून नजर फिरवत आले आणि थांबले. "हिला मागे कुणी कोंबलं? युनिफॉर्म बघा हिचा, एक सुरकुती नाही! लाँड्रीची जाहिरात आहे ही. ये गं, पुढे ये. माझ्या शेजारी, मधोमध."

"साहेब, मी उंचीप्रमाणे लावलंय..."

"लाँड्री कुणाची आहे, बाई?"

वरची पुढे आली. दुसरं काय करणार होती? मालकाच्या शेजारी उभी राहिली आणि तिनं मावशीकडे पाहिलं. तसं बघणं मावशीनं उभ्या जन्मात कॅमेऱ्यासमोर पाहिलं नव्हतं. हॉलभर माणसं, सगळी केस सारखे करतायत, कॉलर नीट करतायत, आणि ही एकटी अशी उभी की जणू मावशीनं तिच्यावर कॅमेरा नाही, बंदूक रोखलीय. शब्द कुणी दिला होता? मावशीनं. हिला थांबवलं कुणी? मावशीनं.

तिनं कॅमेरा डोळ्याला लावला. समोर नुसतं दूध. तिनं लेन्स पुसली, परत दूध. वेळ काढायला हवा म्हणून ती उगीच हुकूम सोडत सुटली. "डावीकडच्या ताई, जरा आत. झाडूवाले काका, टोपी सरळ. आणि ते मागचे, पांढऱ्या कोटातले, तुम्ही जरा इकडे सरका. अहो, तुम्हालाच! सरका म्हणते ना! ऐकू येत नाही का? एवढा मोठा माणूस आणि ढिम्म उभा!"

कुणीच सरकेना. मग धिप्पाड बाई फिसकन हसली. तो हँगरला टांगलेला एका डॉक्टरचा कोट होता, इस्त्री करून ठेवलेला.

मग काय विचारता! सगळा हॉल फुटला. बायका एकमेकींच्या अंगावर पडायला लागल्या, झाडूवाल्या काकांची टोपी खाली पडली, मालकांचंही पोट हलायला लागलं. आणि मधोमध, डावा हात तोंडावर धरून, वरची हसत होती. तिला आवरेना. इतक्या महिन्यांत तिचं हसू मावशीनं पाहिलं नव्हतं, आणि आत्ताही धड दिसत नव्हतं. दुधात नुसते आकार, पांढरे दात, हलणारे खांदे. कोण कुठली, काही पत्ता लागत नव्हता.

कोण कुठली, पत्ता लागत नव्हता! मावशीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

तिचा हात म्हणत होता, थांब. हा फोटो नाही, हा तुझ्या तोंडाला काळं फासणारा धब्बा आहे. तिनं बटण दाबलं. परत दाबलं. दाबत सुटली. जन्मभर ज्या गोष्टीला शिव्या घातल्या तीच आता टिकावी म्हणून ती मनातल्या मनात विनवत होती, थांब गं बाई, अजून थोडी थांब. पण वाफ कुणाचं ऐकते? कडांवरून धुकं मागे सरकायला लागलं आणि मावशीचं बोट वेळेत उचललं गेलं नाही. शेवटचा एक फोटो स्वच्छ निघाला. अगदी पापण्यांसकट.

"झालं!" ती ओरडली. तिचं पोलकं घामानं चिंब झालं होतं.

तिनं मालकांना पाठवले ते फक्त धुरकट फोटो. अपेक्षेप्रमाणे फोन आला. "हे काय आहे? धुकं?"

"वाफ आहे, साहेब. तुमच्याच लाँड्रीतली."

"एकही स्वच्छ नाही?"

"नाही."

"तुमच्या वडिलांनी असला फोटो जन्मात काढला नसता!"

मावशीनं दातांवर दात दाबले आणि फोन ठेवून दिला. आता मशीन परत बंद ठेवायची मालकांची तयारी नव्हती, आणि जाहिरातीचं पान दुसऱ्या दिवशी छापायचं होतं. तसाच फोटो छापून आला. आणि गंमत बघा! लोकांना तो भलताच आवडला. वाफेतून वर येणारी, खदखदून हसणारी माणसं, एकाचाही चेहरा धड दिसत नाही, पण बघणाऱ्याला आपोआप हसू फुटतं. आठवड्याच्या आत मालक सगळ्यांना सांगत फिरायला लागले की वाफेची कल्पना त्यांचीच. लग्न ठरलेलं एक जोडपं स्टुडिओत येऊन लाजत म्हणालं, "आम्हाला तो लाँड्रीसारखा, धुक्यातला हवा." मावशीनं त्यांना दाराबाहेर काढलं.

पण एक चूक तिनं करून ठेवली होती, आणि ती फक्त तीच करू शकत होती. शेवटचा स्वच्छ फोटो तिनं पुसला नव्हता. कसा पुसणार? तिनं आजवर काढलेल्या फोटोंत तो सगळ्यांत चांगला होता. हसताना वरचीच्या डोळ्यांच्या कडांना पडलेल्या बारीक रेषा, ओठांवर धरलेला डावा हात, आणि त्या हाताचं वाकडं मनगटही. दुपारी दुकानात कुणी नसलं की मावशी तो स्क्रीनवर काढून बघत बसायची. आज पुसते, उद्या पुसते, असं चाललं होतं.

असंच एका दुपारी ती तो फोटो बघत होती आणि दारात एक माणूस येऊन उभा राहिला.

नीटनेटका. शर्ट खोचलेला, चपला पायपुसण्यावर नीट घासून आत आला. हातात वर्तमानपत्राचं घडी केलेलं पान. "नमस्कार, बाई. हा फोटो तुम्हीच काढलात ना?"

"हो. का?"

"फार छान आहे. फक्त जरा धुरकट आहे. मूळ फोटो स्वच्छ असेल ना?" त्यानं पान काउंटरवर पसरलं आणि मधोमध बोट ठेवलं. "ही कोण आहे ते बघायचं होतं. बांधा ओळखीचा वाटतोय. माझी बायको हरवलीय हो. डोक्यानं जरा अधू आहे ती. लाँड्रीच्या गेटवर गेलो होतो, पण ते म्हणतात, या नावाचं इथे कुणी नाही, नुसत्या धुक्यावरून आम्ही बायका दाखवायच्या का? स्वच्छ फोटो आणा, मग बघू."

मावशीच्या समोर, काउंटरच्या तिच्या बाजूला, स्क्रीनभर वरची हसत होती. मध्ये फक्त काउंटरची रुंदी.

"बघते हं," मावशी म्हणाली. तिनं टेबलाखाली पाय लांब केला आणि अंगठ्यानं बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला. "अरे देवा. हे डबडं ना, असंच मध्ये मध्ये राम म्हणतं. तुम्ही उद्या येता का?"

"थांबतो ना. माझी परतीची गाडी संध्याकाळी आहे." आणि तो काउंटरला वळसा घालून तिच्या खुर्चीमागेच येऊन उभा राहिला. "लावा चालू."

वरची घरी यायची वेळ होत आली होती. जिना दुकानातूनच जायचा. हा इथून हलला नाही तर ती दारातून सरळ याच्यासमोर येणार होती. काढावं का हाकलून? पण हाकलला की याला खात्री पटणार, आणि मग तो गल्लीच्या तोंडाशी जाऊन बसणार. त्याला आपल्या पायांनी जाऊ द्यायला हवं होतं. मावशीनं कॉम्प्युटर चालू केला. फोटो उघडले, पहिल्यापासून. धुरकट. पुढचा, धुरकट. तो इतका जवळ वाकला होता की त्याच्या खिशातल्या बडीशेपेचा वास येत होता.

"इथे मोठा करा. डावा हात. तिचं मनगट वाकडं आहे. पडली होती ती."

पडली होती! मावशीनं फोटो मोठा केला. मनगटाच्या जागी नुसता पांढरा ढग.

"पुढचा?"

पुढचा. ढग. पुढचा. ढग. आणि मग ती थांबली, कारण यापुढे एकच फोटो उरला होता. तिचं बोट त्याच बटणावर होतं.

"पुढचा?"

"संपले."

तो सावकाश सरळ झाला. त्याची नजर डाव्या भिंतीवर गेली आणि खालून वर फिरत राहिली. म्हातारे, बाळं, चिडलेला पोस्टमन. "भिंतीवर तर एकेक पापणी दिसतेय, बाई. असे फोटो काढणारं माणूस, आणि नेमका हाच फोटो बिघडला? सगळेच्या सगळे?"

मावशीला भिंत दिसत होती. तिची भिंत. जिच्यासाठी ती गल्लीभर भांडली होती.

"ते मी नाही काढलेले," ती म्हणाली. "ते माझ्या बाबांचे आहेत. मला नाही येत तसे."

त्याच वेळी दारात टेलरकाका उभे होते, हातात तिचा शिवून झालेला ब्लाउज. कधी आले कुणास ठाऊक. त्यांनी मावशीच्या तोंडाकडे पाहिलं, मग तिच्या खुर्चीमागे उभ्या राहिलेल्या माणसाकडे, मग काउंटरवरच्या पानाकडे. आणि आत येता येता आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "हा सगळा बापाचा हात हो! हिला कुठलं जमायला! माझ्या नातवाचा फोटो काढला हिनं, आम्ही आठवडाभर वाद घालत होतो, हा नातू आहे की उशी. बाप गेला आणि दुकान बुडालं, दुसरं काय!"

माणूस हसला. पहिल्यांदाच त्याचे खांदे सैल पडले. स्क्रीनवरच्या ढगाकडे त्यानं परत एकदा वाकून पाहिलं, मान तिरपी करून, बराच वेळ.

"नाही," तो म्हणाला. "ही ती नव्हे. ही हसतेय." त्यानं पानाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "माझी बायको हसत नाही."

तो गेला. काका दारात उभे राहून तो नाक्यापर्यंत गेलेला बघत राहिले, नंतर तसेच चालत त्याच्यामागून गेले. बऱ्याच वेळानं परत आले. "गाडीत बसला. गाडी सुटलेली बघूनच आलो."

मावशी तशीच बसली होती. "काका, तुम्हाला कसं कळलं?"

"मला कसलं कळतंय? पण ही भिंत बापाची आहे असं तू स्वतःच्या तोंडानं म्हणालीस," काका म्हणाले, "म्हटलं, घराला आग लागल्याशिवाय ही असं बोलायची नाही." मग त्यांनी दोन्ही कान धरले. मावशीला रडू फुटलं. ती एवढ्या मोठ्यानं रडली की बाहेरचा सायकलवाला थांबला.

वरची आली तेव्हा दिवे लागले होते. मावशीनं तिला खुर्चीत बसवून सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. आपण फोटो ठेवला होता हेसुद्धा. "माझी हौस नडली असती गं. तुझ्या जिवावर बेतलं असतं."

वरची खुर्चीतून उठली. मग म्हणाली, "दाखवा."

मावशीनं शेवटचा फोटो लावला. वरची स्क्रीनच्या अगदी जवळ गेली. डोळ्यांच्या कडांवरून, ओठांवरून, वाकड्या मनगटावरून तिनं काचेवर बोट फिरवलं.

"मी अशी दिसते?"

"अशीच दिसतेस."

"तो म्हणाला, ही हसतेय म्हणून ही ती नव्हे?"

"हो."

"बरोबर बोलला," वरची म्हणाली. तिनं अजून एकदा नीट बघून घेतलं, पाठ करावं तसं. मग म्हणाली, "पुसा आता."

मावशीनं बोट बटणावर ठेवलं. तिचा हात लटलटा कापायला लागला. अख्ख्या गल्लीला दगडासारखं बसवणारी बाई, आणि तिला स्वतःचं एक बोट आवरेना. तेव्हा वरचीनं आपला डावा हात, तो वाकड्या मनगटाचा, तिच्या हातावर ठेवला आणि घट्ट धरला.

"हलू नका, मावशी," ती म्हणाली, आणि दोघींनी मिळून बटण दाबलं.